एक नाव, दोन मापे

बाजारातून एक टेराबाइट क्षमतेची हार्ड डिस्क विकत आणावी, वेष्टनावरचा ठसठशीत आकडा पुन्हा एकदा वाचून ती संगणकाला जोडावी, आणि पडद्यावर मात्र ९३१ गिगाबाइट एवढीच क्षमता उमटावी, हा अनुभव आज कोणत्याही गावच्या ग्राहकाला नवा राहिलेला नाही. डिस्क अगदी कोरी असते. तिच्यावर अद्याप एक पत्रही उतरवलेले नसते. मग उरलेले ६९ गिगाबाइट गेले कोठे? दुकानदार सांगतो, "फॉरमॅट करण्यात तेवढे जायचेच." शेजारचा जाणकार सांगतो, "सगळ्या कंपन्या असेच करतात." चार टेराबाइटची डिस्क घेणाऱ्याला तर ३.६३ एवढाच आकडा दिसतो, म्हणजे मोठे माप घ्यावे तो तूटही मोठी. मापात पाप करणारा व्यापारी आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे; तेव्हा संशय येणे स्वाभाविकच आहे. परंतु संशय स्वाभाविक असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. आरोप ठेवण्यापूर्वी माप कोणते, आणि मोजणारा कोण, याची चौकशी झाली पाहिजे.

या चौकशीचा आरंभ 'किलो' या शब्दापासून करावा लागतो. ग्रीक भाषेतील 'हजार' या अर्थाच्या शब्दावरून तो घडला आणि १७९५ साली फ्रान्समधील नव्या मापनपद्धतीत रूढ झाला. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, किलोमीटर म्हणजे हजार मीटर. यात संदेहाला कोठेही जागा नाही. पुढे १९६० साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आजची 'एसआय' पद्धती मान्य केली, तेव्हा मेगा, गिगा आणि टेरा या उपसर्गांनाही निश्चित अर्थ मिळाले. मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या बरोबर हजारपट. हार्ड डिस्कच्या वेष्टनावर जो टेराबाइट छापलेला असतो, तो याच अर्थाचा होय. बहुतेक वेष्टनांच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसा खुलासाही असतो. मात्र तो वाचण्याइतकी सवड आणि दृष्टी ग्राहकापाशी क्वचितच असते.

आता बाइटकडे वळावे. संगणकाला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक. अशा एका चिन्हाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ जागी शून्य किंवा एक मांडण्याचे एकंदर २५६ प्रकार होतात. भारतीय वाचकाला हे गणित परके वाटण्याचे कारण नाही. आठ अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू यांची मांडणी किती प्रकारे करता येईल, असा प्रश्न छंदःशास्त्रात पिंगलाचार्यांच्या परंपरेने फार पूर्वी विचारला होता, आणि त्याचेही उत्तर २५६ हेच येते. चरण दहा अक्षरांचा असेल तर हेच प्रकार १०२४ होतात. लघु-गुरूंचा प्रस्तार आणि संगणकाची स्मृती यांचे विषय भिन्न आहेत, परंतु दुपटीचा नियम दोहोंना सारखाच बांधतो.

बाइट हे किती लहान माप आहे, हे आपल्या लिपीच्या उदाहरणाने ध्यानात येईल. युनिकोडच्या यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. काना, वेलांटी आणि हलन्ताची खूण यांचीही त्यात स्वतंत्र गणना होते. 'महाराष्ट्र' हा शब्द उच्चारायला चार अक्षरांचा. परंतु त्यात अशी दहा चिन्हे असल्यामुळे तो तीस बाइट घेतो.

संगणकाच्या तात्कालिक स्मृतीत, म्हणजे ज्याला व्यवहारात 'रॅम' म्हणतात त्या भागात, प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो आणि तो पत्ताही शून्य व एक यांतच लिहिलेला असतो. पत्ता वाहून नेणाऱ्या दहा तारा असल्या, तर १०२४ घरे गाठता येतात. सोळा असल्या, तर ६५,५३६. मधल्याच एखाद्या आकड्यावर थांबले तर काही पत्ते व्यर्थ जातात. म्हणून स्मृतीच्या चिप आरंभापासून दुपटीच्या हिशेबाने घडत आल्या. त्या घडवणाऱ्या अभियंत्यांना १०२४ या आकड्यासाठी एखादे सुटसुटीत नाव हवे होते. हजार हा आकडा त्याच्या अगदी शेजारचा. फरक शेकड्याला अडीचहूनही कमी. त्यांनी 'किलो' हा तयार शब्द उसना घेतला. ज्या काळी स्मृती काही हजार बाइटांचीच असे, त्या काळी ही उसनवारी कोणाला जाचली नाही. ज्यांच्यात हा शब्द चालत होता त्या सर्वांना त्याचा खाजगी अर्थ ठाऊक होता.

डिस्कवर मात्र दुपटीची ही सक्ती कधीच नव्हती. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर फिरत, आणि सगळे यंत्र एखाद्या मोठ्या कपाटाएवढे होते. तिच्यावर ५० हजार खंड होते. प्रत्येक खंडात १०० अक्षरे मावत. म्हणजे एकंदर क्षमता बरोबर ५० लाख अक्षरे. हा सरळ दशमान हिशेब होता. तबकडीवर किती वर्तुळाकार पट्टे आखता येतील आणि एका पट्ट्यात किती खंड बसतील, हे चुंबकीय लेपाच्या गुणावर आणि यंत्राच्या नेमकेपणावर अवलंबून असते. तेथे दुपटीचा कोणताही निसर्गनियम नाही. पुढे एका खंडाचे माप ५१२ बाइट, आणि अलीकडे ४०९६ बाइट, असे दुपटीतले ठरले हे खरे. परंतु खंडांची एकूण संख्या मोकळीच राहिली. म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनी दहा लाखाला मेगा आणि शंभर कोटींना गिगा म्हणण्याचा रिवाज चालू ठेवला. हा रिवाज ग्राहकाला फसवण्यासाठी मागाहून शोधून काढला, या समजुतीला इतिहासाचा आधार मिळत नाही. मोठा आकडा जाहिरातीला सोयीचा पडला आणि त्याचा लाभ त्यांनी सोडला नाही, एवढे मात्र म्हणता येईल.

भांडणाचे मूळ या दोन रिवाजांच्या भेटीत आहे. डिस्कचा कारखानदार दशमान पद्धतीने मोजतो. संगणकाची कार्यप्रणाली, विशेषतः सर्वाधिक प्रचारात असलेली विंडोज, तीच डिस्क द्विमान पद्धतीने मोजते. कारखानदाराचा गिगाबाइट शंभर कोटी बाइटांचा. विंडोजचा गिगाबाइट १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. मापाचे भांडे मोठे झाले, म्हणजे तोच ऐवज कमी भांड्यांत मावणार हे उघड आहे. एक लाख कोटी बाइटांना या मोठ्या भांड्याने मोजले की उत्तर ९३१ येते. कोठलाही बाइट यात नाहीसा झालेला नसतो.

किंबहुना बाइटच मोजून पाहिले, तर एक नवल दिसते. एक टेराबाइटच्या प्रचलित डिस्कवर ५१२ बाइटांचे १,९५,३५,२५,१६८ खंड असतात. ही संख्या डिस्क-उद्योगाने परस्परांत ठरवून घेतलेली आहे. गुणाकार केला म्हणजे क्षमता १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट एवढी भरते. म्हणजे लाख कोटींहून वीस कोटी बाइट अधिकच! वेष्टनावर लिहिलेले माप पुरे भरून वर चिमूटभर घातलेले आहे. मग ६९ गिगाबाइटची ती तूट कसली? ती मुळात एका चुकीच्या वजाबाकीतून उपजते. हजार हा आकडा एका मापाचा, ९३१ दुसऱ्या मापाचा. शंभर सेंटिमीटर कापडातून सुमारे एकोणचाळीस इंच वजा करून "एकसष्ट कोठे गेले?" असे शिंप्याला विचारण्यासारखेच ते आहे. फरक एवढाच, की कापडाच्या दुकानात दोन मापांना दोन नावे आहेत. संगणकाच्या दुकानात दोहोंना एकच नाव पडले.

एका नावाखाली दोन मापे नांदली म्हणजे काय होते, हे या देशाने पुरते भोगले आहे. महाराष्ट्रातील धान्याचे जुने कोष्टक दुपटीचेच होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. कोष्टक सुबक होते. परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच अशी शाश्वती नव्हती. मणाची तऱ्हा तर याहून विलक्षण. मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, आणि बंगालचा ८२ पौंडांहूनही अधिक. मुंबईच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याच्या आडतीला "शंभर मण" असे कळवले, तर त्या दोन शब्दांत दोन निरनिराळे ढीग दडलेले असत. हा गोंधळ मिटवण्यासाठी स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. त्या काळी एक आणा दिला तर सहा नवे पैसे मिळत आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस. सुटे चार आणे मोडणाऱ्याच्या पदरी चोवीसच पडत. त्या एका पैशावरून दुकानोदुकानी वाद झडले. परंतु जुन्या नाण्याला आणि नव्या नाण्याला वेगळे नाव होते. 'नवा' हे विशेषण मुद्दाम लावले होते. या एका दक्षतेने पुष्कळ अनर्थ टळला.

संगणकाच्या क्षेत्रात ही दक्षता उशिरा घेतली गेली. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ च्या अखेरीस द्विमान मापांना स्वतंत्र नावे देण्याचे ठरवले आणि १९९९ च्या आरंभी ती प्रसिद्ध केली. १०२४ बाइटांचा तो किबीबाइट. त्याच्या पुढची पायरी मेबीबाइट, मग गिबीबाइट आणि टेबीबाइट. या हिशेबाने पडद्यावर '९३१ गिबीबाइट' असे उमटले असते, तर ते अक्षरशः सत्य ठरले असते आणि तक्रारीला जागाच उरली नसती. परंतु नावे सुचवणे सोपे. ती जिभेवर रुळणे कठीण. बालभाषेतल्यासारखी वाटणारी ही नावे पुष्कळांना रुचली नाहीत. विंडोजने मोजणी द्विमान ठेवली आणि नाव दशमान ठेवले. ॲपलने २००९ साली आपल्या संगणकांची मोजणीच दशमान करून टाकली. म्हणून आजही एकच डिस्क एका संगणकावर ९३१ आणि दुसऱ्यावर हजार गिगाबाइट दाखवते. डिस्क तीच, बाइट तेच; बदलला तो केवळ मोजणारा.

हे प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. अमेरिकेत दोन मोठ्या डिस्क-उत्पादकांवर ग्राहकांनी दावे लावले, आणि ते २००६ व २००७ साली तडजोडीने मिटले. पुढे २०२० साली कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने फ्लॅश ड्राइव्हविषयीचा असाच एक दावा फेटाळून लावला. गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट, असा खुलासा वेष्टनावरच होता आणि त्या राज्याचा कायदाही राष्ट्रीय मानक संस्थेची दशमान व्याख्या प्रमाण मानतो, असे न्यायालयाला आढळले. भारतातही २००९ चा वैधमापन कायदा एसआय पद्धतीवरच उभा आहे. त्या पद्धतीत गिगाचा अर्थ एकच आहे, आणि तो शंभर कोटी हा होय.

उत्पादकाच्या बाजूने एवढे म्हटल्यावर ग्राहकाची बाजूही पाहिली पाहिजे. कारण हा फरक स्थिर राहिलेला नाही, तो वाढत आला आहे. किलोच्या पायरीवर द्विमान माप दशमानाहून शेकडा २.४ ने मोठे, मेगाच्या पायरीवर सुमारे ४.९ ने, गिगाच्या पायरीवर ७.४ ने आणि टेराच्या पायरीवर जवळजवळ १० ने. चक्रवाढ व्याजाप्रमाणे प्रत्येक पायरीवर मागची चूक पुढे चढत जाते. समजा, एखाद्या ग्रंथालयाने जुन्या पोथ्या आणि नियतकालिके यांची छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत आणि पडद्यावर त्यांचा एकूण साठा २० टेराबाइट दिसतो. त्याची दुसरी प्रत करून ठेवण्यासाठी व्यवस्थापकाने एक टेराबाइटच्या वीस डिस्क मागवल्या, तर काम अर्धवट राहील. पडद्यावरचे ते २० टेराबाइट म्हणजे वस्तुतः सुमारे २१.९९ लाख कोटी बाइट. त्यांना बावीस डिस्कही जेमतेमच पुरतील. अंदाजपत्रक मंजूर झालेले असते, वर्ष संपत आलेले असते, आणि दोन डिस्कांच्या उणिवेपायी काही पोथ्यांची दुसरी प्रत निघतच नाही. शब्दाच्या संदिग्धतेची किंमत अशा ठिकाणी मोजावी लागते.

"फॉरमॅट करण्यात जायचेच" हे दुकानदाराचे उत्तरही तपासून पाहावे. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो लहान आहे. डिस्कवर फाइलींची सूची ठेवण्यासाठी काही जागा लागते, जशी जाड ग्रंथातील काही पाने अनुक्रमणिकेला द्यावी लागतात. तयार संगणकात दुरुस्तीची साधने ठेवण्यासाठी एखादा भाग राखून ठेवलेला असतो, आणि कार्यप्रणालीलाही आपले घर हवेच असते. शिवाय फाइलींना जागा बहुधा ४०९६ बाइटांच्या गाळ्यांनी दिली जाते. लहानशा चिठ्ठीलाही पुरा गाळा अडवावा लागतो. परंतु कोऱ्या डिस्कवर दिसणाऱ्या त्या मोठ्या फरकाशी यांचा संबंध नाममात्र आहे. तो फरक मापाचा आहे. चुंबकीय तबकड्यांऐवजी चिप वापरणाऱ्या एसएसडीमध्ये तर या फरकाचाच उपयोग केलेला आढळतो. २५६ गिगाबाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक एसएसडीत आतील चिप २५६ गिबीबाइटच्या असतात. वरचे शेकडा सात ग्राहकाला दिसत नाहीत. झिजलेल्या घरांच्या जागी नवी घरे देण्यासाठी ते राखीव असतात.

खरी फसवणूक निराळीच आहे, आणि ती या साऱ्या गोंधळाच्या आडोशाने चालते. अविश्वसनीय किमतीत दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह किंवा लहानशी डिस्क विकणारे पुष्कळ आहेत. अशा वस्तूच्या आतील नियंत्रक-चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते. आत साठवण असते एखाद्या ३२ गिगाबाइटची, पण संगणकाने विचारले की उत्तर येते दोन टेराबाइट. संगणक बिचारा ते खरे मानून पडद्यावर दाखवतो. फाइली उतरवल्या जातात, त्यांची नावेही दिसतात. मात्र खरी जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो. काही महिन्यांनी लग्नाची किंवा दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे उघडू गेले, म्हणजे हाती काहीच लागत नाही. येथे विपर्यास असा, की प्रामाणिक डिस्क उणा आकडा दाखवून संशयाला पात्र ठरते आणि खोटी वस्तू भरघोस आकडा दाखवून विश्वास मिळवते. पडद्यावरचा आकडा ही केवळ वस्तूने दिलेली साक्ष आहे. ती पुरावा नव्हे. वस्तू काठोकाठ भरून, लिहिलेले सर्व परत वाचून जुळवून पाहणे, हाच तिचा खरा कस. हे काम करणारी साधने विनामूल्य मिळतात.

तेव्हा व्यवहारापुरता नियम सोपा आहे. वेष्टनावर गिगाबाइट लिहिलेले असेल तर त्याचे शेकडा ९३ आणि टेराबाइट लिहिलेले असेल तर शेकडा ९१ पडद्यावर दिसतील, असे धरून चालावे. ५०० चे ४६५, दोनचे १.८१. एवढे दिसले तर माप पुरे आहे. याहून बरेच कमी दिसले तर डिस्कचे राखीव भाग तपासावेत. आणि किंमत नवलाईची कमी असेल, तर आकडा पुरा दिसला तरी डिस्कची परीक्षा घ्यावी. दुसरी प्रत करायची असेल तेव्हा हिशेब गिगात किंवा टेरात न करता बाइटांत करावा, कारण बाइटाचे माप दोन्ही पक्षांना एकच आहे.

मापाची शुद्धता भांड्याच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच त्याच्या नावावरही असते. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मोजले, आणि तरीही देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनात किल्मिष राहिले, तर दोष हाताचा नसून शब्दाचा असतो. पायली गेली, मण गेला, आणा गेला. त्यांच्या जागी आलेल्या मापांनी या देशाला एक अर्थाचा एक शब्द दिला. संगणकाच्या जगात ते काम अद्याप पुरे व्हायचे आहे. तोवर वेष्टन वाचणाऱ्याने आणि पडदा पाहणाऱ्याने एकच प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी: हा आकडा कोणत्या मापाचा?